पंच क्र. २

१८ नोव्हेंबर
दुपारी हवालदार कदम ऑफिसात. या वर्षी चौथ्यांदा. "भाऊसाहेब, पाच मिनिटांचं काम हाय, दोन सह्या द्या." पंच म्हणून सरकारी माणूस बरा पडतो, नंतर फिरत नाही म्हणून. कुपवाडच्या रस्त्यावर कुणी मोटरसायकल घसरून पडला, त्या जागेचा पंचनामा. जागेवर चला असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. चहा पिता पिता टेबलावरच सह्या. वाचलं नाही. कधीच वाचत नाही.

२१ नोव्हेंबर
सकाळी बहिणीचा फोन, दहिवडीहून. "दादा, आपल्या वाडीच्या मारुतीला तिकडं पोलिसांनी लय मारलंय. तुमी जाऊन बघा की."
मारुती कुपवाडला वेल्डिंग करतो. बाप अजून मेंढरं राखतो. संध्याकाळी दवाखान्यात गेलो. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात, बोटं काळीनिळी.
एका पुढाऱ्याच्या पुतण्याची गाडी ह्याला घासून गेली. ह्यानं गाठून चावी काढून घेतली. "म्हणलं, खाली उतरून बघ तरी. कुणाचा पुतण्या ते मला काय ठावं?" ठाण्यात नेलं. साहेबाला फोन आला. मग हात टेबलावर ठेवायला लावला. "कंच्या हातानं चावी काढलीस, म्हणं. मी दाखवला."
पुढं म्हणाला, "आन् आता म्हणत्यात गाडीवरनं पडला. दोन पंचांनी जागा बघितलीय. कोण मुडदे हाईत कुणास ठाऊक."
मी सलाइनच्या बाटलीकडं बघत बसलो. निघताना म्हणालो, "बघू."

२२ नोव्हेंबर
घरी सुनंदाला सांगितलं. चपात्या लाटत होती, लाटत राहिली. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, "तुम्हाला वाचता येतं ना?"
बरोबरच आहे तिचं.

२६ नोव्हेंबर
कदमला गाठलं. पंचनामा दाखव म्हटलं. दाखवला. 'रस्त्यावर खडी पसरलेली आम्ही पंचांनी समक्ष पाहिली.' खाली माझी सही. सुरेख सही आहे माझी, सगळं ऑफिस म्हणतं.
"भाऊसाहेब, मलाबी वरनंच आलं. आता फिरला तर आदी तुमीच खोटं ठरताय. रिटायर व्हायला किती ऱ्हायलं?"
चौदा महिने.
त्यानं चहा मागवला. मी प्यालो. एवढं होऊन त्याच्या चहाला नको म्हणायचीही धमक नाही माझ्यात. थू.

३ डिसेंबर
आमच्या माण तालुक्यातली माणसं तीन दिवस कचेरीसमोर बसली, तेव्हा कुठं चौकशी लागली. दोन्ही पंचांना ९ तारखेची नोटीस. पंच क्र. १ म्हणजे ठाण्यासमोरचा टपरीवाला. तो म्हणतो, "दोघांनी एकच सांगायचं. गेलो व्हतो. मिटलं."

९ डिसेंबर
चौकशी अधिकारी बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. आवाज अगदी शांत.
"जागेवर स्वतः गेला होतात?"
नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो. रिक्षात चारदा म्हणूनही बघितलं. तोंडातून आलं, "हो."
"खडी कुठल्या बाजूला होती?"
"डावीकडं."
प्रश्न संपायच्या आत उत्तर. इतकं सफाईदार खोटं बोलता येतं हे सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.
बाहेर मारुतीचा बाप उभा. घोंगडं खांद्यावर. जवळ येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. "आवं, तुमी पंच व्हता व्हय? आमाला ठावंच न्हाई. देवानंच आपला मानूस घातला की त्यात. आता मला घोर न्हाई."
मी मान हलवली. मान!

१० डिसेंबर
चौकशीच्या ऑफिसातून फोन. जबाब टाइप झालाय, १२ तारखेला येऊन सही करा. काही दुरुस्ती असेल तर सहीच्या आधी सांगा, नंतर चालणार नाही.
मारुतीची बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंग विसरा.
सुनंदाला विचारलं, काय करू? "मला नका विचारू. पेन्शन गेली तर मी डबे करीन. पण सही माझी नाही."

११ डिसेंबर
बहिणीचा फोन. आवाजात केवढा अभिमान. "दादा, म्हातारा वाडीभर सांगत फिरतोय, आपल्या दादांनी सायबापुढं खरं सांगितलं म्हणून. काल देवळात तुमचं नाव घेतलं समद्यांनी."
म्हणालो, आवाज येत नाही नीट, नंतर बोलू. आवाज स्वच्छ येत होता.
संध्याकाळी अर्ज लिहिला. 'मी जागेवर गेलो नव्हतो. खडी पाहिली नाही. पंचनामा न वाचता सही केली. ९ तारखेचा माझा जबाब खोटा आहे.' दोनदा फाडला, तिसऱ्यांदा लिहिला. खाली नाव, हुद्दा, सही.
तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.