बोली एकशे एकपासून

२ मार्च, रविवार. सकाळी ६.४०
नवी वही. निवृत्त होऊन तीन महिने झाले. ३१ तारखेला क्वार्टर सोडायचे आहे. जवाहरनगरमधली चौतीस वर्षे भंडाऱ्यातल्या दोन खोल्यांत मावणार नाहीत. निम्मे सामान विकावे लागेल.
भंगारवाला काल येऊन गेला. त्याला सगळ्याचा एकच भाव माहीत, वजनाचा. हाकलले.
फोनवर लिलावाचे अॅप घेतले. फोटो टाकायचा, सुरुवातीची किंमत लिहायची, मुदत द्यायची. लोक बोली लावतात. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये असताना जुन्या मालाचे एकोणीस लिलाव मी जवळून पाहिले आहेत. सुरुवातीची किंमत हे शास्त्र आहे. जिल्ह्यात ते जाणणारी माणसे फार नसावीत.
घाई करायची नाही. भावनेत गुंतायचे नाही. वही रोज लिहायची.
ललिताची एकच अट. म्हणाली, "सगळं विका, मले इचारू बी नका. पण आईच्या गुंडाले हात नाही लावाचा." गुंड पितळेचा, पाणी भरायचा. लग्नात सासूबाईंनी दिलेला. सासूबाई आता नाहीत. हो म्हटले. त्यात कठीण काय.
कूलर टाकला. नऊ हजाराचा, चार उन्हाळे वापरलेला. सुरुवात ७,५००. उन्हाळा तोंडावर आहे. भंडाऱ्यात एप्रिलमध्ये कूलरचा भाव कोणी पाहत नाही.

५ मार्च
कूलरला बोली नाही. चौदा वेळा पाहिला गेला. त्यात अकरा वेळा मीच.
शेजारचा प्रविण म्हणाला, "भाऊ, नवाच सात हजारात भेटते ना बाप्पा!" नव्यात आणि माझ्यात फरक आहे. माझा तपासलेला आहे. प्रविणला हे समजावत बसलो नाही.
परीक्षांचे दिवस आहेत. लोकांचे लक्ष नाही.

८ मार्च
पद्धत बदलली. वरून सुरू केले की माणूस बिचकतो. खालून सुरू केले की गर्दी जमते, आणि गर्दीत माणूस हट्टाला पेटतो. लोखंडी कपाट. सुरुवात ९९ रुपये. मुदत एक दिवस.

९ मार्च, रविवार
कपाट ९९ रुपयांना गेले. बोली एकच. लाखनीचा माणूस टेम्पो आणि चार जण घेऊन आला. पाचही जणांनी चहा घेतला, दोघांनी दोनदा.
कपाटातल्या साड्या आता पलंगावर आहेत. ललिताने एवढेच विचारले, "गर्दी कुठी आहे तुमची?"
चूक सापडली. कपाटाने गर्दी येत नाही. दुकानदार सगळ्यांत चांगला माल दारात टांगतो, तसे काहीतरी पाहिजे. विकायला नाही, दाखवायला.

११ मार्च. दुपार
ललिता भजनाला गेली आहे. गुंड चिंचेने घासला. गळ्यावर कोरलेले आहे: 'चि. ललिता हिला आई सत्यभामाबाईकडून. आंबागड. १९९१.' अक्षरे नीट यावीत म्हणून त्यांत खडूची पूड भरली. जुनेपणाचा पुरावा असला की भाव चढतो. फोटो उत्तम आला.
सुरुवात १०१. मुदत १८ तारीख, संध्याकाळी सहा. विकायचा नाहीच. शेवटच्या दिवशी काढून घेईन. तोवर लोक गुंडासाठी येतील आणि कूलरही पाहतील. दिलेला शब्द मोडलेला नाही.

१२ मार्च
दोन बोल्या. १२५, १५०. कूलर एका दिवसात नऊ जणांनी पाहिला. आपण उगीच तीस वर्षे खालच्या पदावर राहिलो.

१३ मार्च, होळी. संध्याकाळी ७
ललिताला आंबागडहून फोन. तिचा भाऊ, डोमा. फोटो कोणी तरी गावाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्या गावाने नाव वाचले, खाली किंमत वाचली.
डोमा म्हणाला ते तिने मला तसेच्या तसे सांगितले. "बाई, घरी काही अडचण आहे का? सांगतलं असतं तं धान विकून देलो असतो. आईचं नाव एकशे एकाले कायले टांगलं?"
मी शांतपणे समजावले. एकशे एक ही किंमत नाही. ती सुरुवात आहे.
ती म्हणाली, "मंग सुरुवातच काहून केली?"
या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. आत्ताच काढतो म्हणालो.

८.१५
काढता येत नाही. एकदा बोली आली की वस्तू मागे घेता येत नाही. नियम बारावा. बाराव्या नियमापर्यंत कोण वाचते?
ललिताला सांगितले, काढला. हे खोटे नाही, फक्त पाच दिवस आधी सांगितले. मार्ग सापडला आहे. मीच बोली लावीन आणि मीच जिंकीन. गुंड जागचा हलणार नाही. विकणाऱ्याच्या नंबरवरून बोली लागत नाही, म्हणून ललिताच्या नंबरावर दुसरे खाते काढले. ती मेसेज वाचत नाही.

१५ मार्च
माझी बोली ३००. कोणी तरी लगेच ३५०. अॅप नाव दाखवत नाही, तालुका दाखवते. तुमसर.
मी ५००. तो ५५०.

१६ मार्च, रविवार
मी १,२००. तो १,२५०. नेहमी पन्नासनेच वाढवतो. व्यापारी असणार. भट्टीत घालून मोकळा होईल. असल्या लोकांना वस्तूची किंमत कळत नाही.
प्रविणला एकूण परिस्थिती सांगितली, नावे न घेता. तो म्हणाला, "पण भाऊ, लिलावात तुमी तं नंबरची पाटी धरून उभे राहत होते ना? भाव साहेब लावे." पाटी धरणाऱ्यालाच सगळ्यांचे चेहरे दिसतात. प्रविणला हे कळायला वेळ लागेल.
ललिता सामान बांधते आहे. गुंडात रोजच्यासारखे पाणी भरते.

१८ मार्च. ५.३०
तुमसर २,८००.
मी ३,५००.
तुमसर ३,५५०.

५.४१
थांबून विचार केला. गुंड चार किलोचा. मोडीत सतराशेच्या वर जात नाही. असा वेडा माणूस आयुष्यात एकदा भेटतो. तसाच गुंड भंडाऱ्यात नवा मिळतो. नाव कोरून देणारे आहेत. घासल्यावर सगळे पितळ सारखेच दिसते. वरचे पैसे ललितालाच देईन. यात तिचे नुकसान कुठे आहे?

५.५२
मी ५,०००. घ्यायला नाही. त्याला थोडे ओढायला.

५.५६
बराच वेळ काही नाही. मग तुमसर ५,०५०.
मी थांबलो.

६.००
गेला. एकशे एकपासून पाच हजार पन्नास. कूलर विकला नाही, पण शास्त्र सिद्ध झाले.

१९ मार्च
नवा गुंड, ३,२००. कोरणाऱ्याला साल १९९१ सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग कोरले. तिवईवर ठेवून पाणी भरले. जुना पोत्यात बांधून पलंगाखाली. ललिताने नव्यातलेच पाणी प्यायले. घासल्यावर सारखेच दिसते, म्हटलेच होते.
खरेदीदार उद्या अकराला येतो. ती वेळ ललिताच्या भजनाची नाही, पण तिला दुकानात पाठवता येईल.

२० मार्च
अकराला दार वाजले. डोमा. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी.
मी म्हटले, या या, आज अचानक? आंबागडचा तालुका तुमसर. त्याने फोन पुढे केला. पाच हजार पन्नास.
म्हणाला, "घ्या भाऊजी. मोजून घ्या. आणि गुंड द्या, साडेबाराची बस आहे."
मी म्हणालो, अरे, मला वाटले कोणी व्यापारी आहे.
"मले बी तसंच वाटलं. भंडाऱ्याचा कोणी तरी लय हट्टी होता. म्हटलं, हा आईले भट्टीत घालते. म्हणून सोडलो नाही."
ललिता दुकानात गेली नव्हती. आतून पाणी घेऊन आली. डोमाने तिवईवरच्या गुंडाकडे पाहिले. उठून गळ्यावरच्या नावावरून बोट फिरवले. "नवा कोरला का? बरं केलं. आईचं नाव चुकवलं नाही."
पेला त्याने खाली ठेवला. प्यायला नाही.
मी म्हणालो, मी गुंड वाचवायलाच बोली लावत होतो. हे खरे आहे. वहीत लिहिलेले आहे.
ललिताने पलंगाखालून पोते स्वतः ओढून काढले. मग माझ्याकडे न पाहता बोलली. "मेसेज माझ्या फोनवर येत होते. तुमच्या बी, त्याच्या बी. तो कोण, ते मले मालूम नव्हतं. पण इकडून तुमी हाय, हे समजलं होतं. सहापर्यंत देवापाशी बसली होती मी. म्हटलं, आणून राहिले वापस. मंग तुमी थांबले."
साडेबाराच्या बसने दोघे गेले. गुंड तिच्या मांडीवर होता. साड्या पलंगावरच आहेत. म्हणजे चार दिवसांत येईल.

२५ मार्च
ललिताला तीन फोन केले. उचलले नाहीत. चौथा डोमाने उचलला. मी व्यवहाराचे बोललो. गुंड परत घ्यायला तयार आहे, ५,०५० ला. हवे तर साडेपाच हजार. ललिताला ३१ च्या आत पाठवा, सामान एकट्याने हलत नाही.
तो म्हणाला, "गुंड राहू द्या, भाऊजी. बाईले न्याचं हाय ना तुमाले? तं तुमीच सांगा, बोली कितीपासून सुरू करू?"
हसला नाही. मागे ललिता भांडी घासत असावी. आवाज येत होता.

३० मार्च, पाडवा
गुढीवर उपडा घालायला गडवा नाही. भांड्यांचा लॉट अडीचशेला दिला, त्यात गेला. स्टीलचा पेला घातला. वाऱ्याने दोनदा पडला. तिसऱ्यांदा घातला नाही.
कूलर अजून आहे. सुरुवात आता १,०००. कोणी पाहिलेला नाही.

३१ मार्च
सकाळी भंगारवाल्याला मीच बोलावले. कूलर, टेबल, राहिलेले सगळे. त्याने तोलले आणि भाव सांगितला. १ तारखेला सांगितला होता तोच. हो म्हटले.
शेवटी त्याने नवा गुंड काट्यावर ठेवला. मी उचलून घेतला. आत थोडे पाणी होते, ते पायावर सांडले.
"विकाचा नाही का साहेब? मंग तुमीच बोला, कितीत देता?"
ललिताच्या साड्या गुंडात भरल्या, सगळ्या मावल्या नाहीत. उरलेल्या काखेत धरल्या. तो उभा राहून वाट पाहत होता.
मला आकडा सांगता आला नाही.