सात नंबरचा पाना

१२ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

कंपनीच्या हेड ऑफिसात बसून तू यंत्रांची तब्येत तपासणारा जो प्रोग्रॅम लिहिलास, त्यानं काढलेला कागद आमच्या कारखान्यात कंट्रोल रूमच्या भिंतीवर चिकटवलाय. सात नंबरची टाकी: निरोगी. तो वाचून मॅनेजरनं नवा व्हॉल्व्ह रद्द केला. डोळे फुटले होते का रे तुझे?

सातचा वाफेचा व्हॉल्व्ह दोन वर्षं अडकतोय. दर तासाला मी लोखंडी जिना चढून त्याला पान्यानं ठोकते, तेव्हा कुठं तो हलतो आणि तापमान जागेवर राहतं. तुझ्या यंत्राला सरळ रेघ दिसली, त्यानं पाठ थोपटली. काल पाय घसरला आणि कोपर वाफेच्या पाइपाला टेकलं. कातडी सोलून निघाली. निरोगी लिहिण्याआधी सख्ख्या बहिणीला एकदा विचारलं असतंस तर जीभ झडली असती का?

आईला कळवू नकोस. लोभ आहे, सध्या रागाखाली दबलाय.

ताई

१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोपराचं दोनदा वाचलं. मग तुझाच राग आला. दोन वर्षं ठोकतेस आणि पाळीच्या वहीत एक अक्षर नाही? मला तापमान दिसतं, व्हॉल्व्हला गेलेला हुकूम दिसतो. पाना दिसत नाही. आजार तू झाकायचास आणि शिव्या मी खायच्या.

आता एक कर. दिवसपाळीत सुपरवायझरला शेजारी उभं कर, वाफ हातानं बंद करायला माणूस ठेव, आणि ठोकू नकोस. बघू यंत्र काय म्हणतं ते.

कोपराला मलम लाव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

नाही ठोकलं. तापमान झोके घ्यायला लागलं आणि चाळीस मिनिटांत तुझं यंत्र बोंबललं. नवा व्हॉल्व्ह येतोय. मीटिंगमध्ये मॅनेजरनं यंत्राचं तोंड भरून कौतुक केलं. मला मात्र नोटीस: व्हॉल्व्हला पान्यानं का मारलं, आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. एकवीस वर्षं राबले त्याचं हे बक्षीस.

आणि वहीत लिहिलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तेव्हाच्या सुपरवायझरनं पान फाडलं. टाकी बंद ठेवावी लागेल म्हणाला.

तुझ्यावर चिडून थकले. तरी लिहीत जा.

ताई

२४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचा कागद खुलाशाला जोड. त्यात मी सहीनिशी लिहिलंय की निरोगी हा शेरा चूक होता, माझी चूक होती, आणि ती टाकी दोन वर्षं माझ्या बहिणीनं सांभाळली. मॅनेजरचा फोन आला होता. त्यांचा आवाज चढला, मग माझाही चढला. तुला काढलं तर हाच कागद वरच्या साहेबांकडे जाईल, हे सांगून टाकलंय.

काल आपल्या सगळ्या कारखान्यांना एकच प्रश्न पाठवला: तुमच्याकडे काय ठोकावं लागतं? नाव लिहू नका म्हटलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस उत्तरं आली. त्यातल्या सतरा ठिकाणी मी निरोगी लिहिलं होतं.

रागाव हवं तेवढं, पण माझीच राहा.

धाकटा