खळ्यावरची तलवार

दवनीवाडा,
मंगळवार

साळेसाहेब केशोराव यांस यादोराव टेंभऱ्याचा हात जोडून रामराम.

आपली कंबर आता कशी आहे? तिरोड्याची मंडळी खुशाल असावी. इकडे सगळं ठीक, फक्त माझा डावा पाय प्लास्टरात आहे. बांधावरून घसरलो, आणि तेही ऐन चुरणी-मळणीच्या तोंडावर. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण गोष्ट अडचणीची निघाली की तुम्हाला माझा आवाज ऐकू येईनासा होतो, म्हणून पत्र.)

तुमच्या भाचीबद्दल लिहायचं आहे. दिवाळीत तुम्ही आला होता, रविता दिवसभर काँप्युटरसमोर बसते म्हणून कपाळाला हात लावला होता, आणि जाताना एका स्थळाची गोष्ट काढली होती. मी मान हलवली. रवितानं मात्र शर्त घातली, "एक साल द्या बाबा. माहं दुकान बुडलं त मामा आनतीन त्या पोराले हो म्हणतो." मी तेव्हा दुकान न बघताच मान हलवली होती, ही माझी चूक. आता पायामुळे तीन आठवडे तिच्याच खोलीत पडून आहे आणि सगळं डोळ्यांनी बघतो आहे.

धंदा असा आहे. काँप्युटरवरच्या एका खेळात एक मोठं राज्य आहे. तिथं रविता खाणीत उतरते, लोखंड काढते, भट्टी पेटवते आणि तलवारी घडवते. मग ज्याला लढायची हौस आहे पण खपायची नाही, असा कुणी खरे पैसे तिच्या खात्यात टाकतो आणि ती खेळात त्याला तलवार देते. (या खेळात असं विकायला परवानगी आहे, मी दोनदा विचारून घेतलं.) त्या तलवारीनं वांगंसुद्धा चिरता येत नाही, तरी माणसं रांग लावतात. मी चाळीस वर्षं धान विकतो आहे, पण पोत्यात हात घालून, दाणा चावून पाहिल्याशिवाय एकाही व्यापाऱ्यानं माझ्यावर भरवसा ठेवला नाही. इथं बंगळूरचा एक इंजिनिअर, ज्यानं आपल्या पोरीचं तोंडही बघितलं नाही, तो आधी पैसे टाकून मोकळा होतो. कारण तिच्या नावापुढं पाच तारे आहेत. माल एकदाही उशिरा गेला नाही, एकदाही खोटा निघाला नाही. आपल्या दोन्ही घरांत एवढी पत कुणाची होती ते तुम्हीच सांगा. मला तर तिचा फार अभिमान वाटतो, आणि आजवर हे तिला बोलून दाखवलं नाही याची लाजही वाटते.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. वावरात चुरणीची मशीन लागली होती आणि रविता मजुरांचा डबा घेऊन गेली. जाताना मला खुर्चीत बसवून म्हणाली की कुणी आलं तर थोडं थांबा म्हणावं. मी बसलो. पाच मिनिटांत तिच्या भट्टीपुढं एक फाटका शिपाई आला आणि काहीतरी फुकट द्या म्हणाला. आता केशोराव, आपल्याकडं खळ्यावर कुणी आलं तर काय करतात? लोहार येवो, न्हावी येवो, की वाट चुकलेला येवो, सूपभर धान दिल्याशिवाय आपण कुणाला परत पाठवतो का? धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे मोडायच्या दिवशी माझ्या खळ्यावर मी नाही, असं या वर्षी पहिल्यांदाच झालं होतं. हात शिवशिवत होते. द्यायचं बटण कोणतं ते बघून बघून पाठ झालं होतं. दिली एक ढाल. त्यानं गावभर सांगितलं असावं, कारण मग रांगच लागली. सगळे मिळून आठ जण आले आणि आठही जण भरल्या हातानं गेले. तीन आठवड्यांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

रविता आली आणि पडद्याकडं बघतच राहिली. शेवटच्या माणसाला मी जी दिली ती बंगळूरवाल्याची तलवार होती, दीड महिना खपून घडवलेली. रविवारी त्याची स्पर्धा आहे. त्याआधी ती मिळाली नाही तर पाच तारे जातील, तारे गेले की दुकान बसेल, आणि दुकान बसलं की पोरीला शब्द पाळावा लागेल.

"बाबा, थे तलवार काऊन देली?"

"खळ्यावर आलेल्या मानसाले रिकाम्या हातानं कसा पाठवू?"

ती रागावली नाही. तेच जास्त लागलं.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. चूकभूल माफ असावी.

आपला,
यादोराव

ता. क. : कुणी काय नेलं याची यादी रवितानं वाचून दाखवली. तलवार नेणाऱ्याचं नाव 'तिरोड्याचा वाघ' आहे. माझ्या माहितीत हे नाव एकाच मोटारसायकलच्या मागे रंगवलेलं आहे. भाची काय करते ते चोरून बघायला तुम्ही खेळात शिरला असाल तर माझी काही हरकत नाही, पण तलवार रविवारच्या आत परत करा. मी पाया पडतो.

ता. क. दुसरा : ते स्थळ राहू द्या. तारे गेले तरी राहू द्या.

मामा, पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. तलवार परत करू नका. खळ्यावरचं दिलेलं आपण परत घेत नाही. बाकीचे सात जण शुक्रवारपासून माझ्या खाणीत फुकट खपून राहिले, शनिवारपर्यंत दुसरी तलवार होते. खळ्यावरून नेलं त्याला कामाला यावं लागते, एवढं त्यांना कोणी न सांगता समजलं. तुम्हीच तेवढे अजून आले नाहीत.
— रविता