मागच्या सीटची कडा

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा बंद पडली! तीही चढावर. मागे मालाने भरलेला ट्रक हॉर्न वाजवतोय आणि शेजारी बसून माझा दीर मला गाडी कशी चालवायची ते शिकवतोय. आधी मिसिंग सुरू झालं, मग पिकअप गेला — पाय दाबून धरला तरी पुढे सरकायचं नाव घेईना. पेट्रोलचा काटा धाडकन शून्यावर. मग इंजिनच गप्प. टाकी निम्मी भरलेली होती, सकाळी मीच भरलीय.

सगळे उतरलो, कडेला ढकलली. थोड्या वेळाने चावी फिरवली तर एका झटक्यात सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

मागे आत्याबाई होत्या. नवऱ्याची आत्या, आमच्याकडेच राहतात. त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला निघालो होतो, शेजारच्या गावी. कंबरेचं हाड मोडल्यापासून थोरली अंथरुणात आहे. रोज फोन, रोज एकच प्रश्न — "कधी येतेस?"

दीर म्हणाला, "आत्या, तू बसलीस की गाडीला चक्कर येते बघ." सगळे हसलो. मीसुद्धा. आत्याबाईही हसल्या, पण फुटपाथवरून परत गाडीत बसायला काही तयार होईनात. त्या चालत निघाल्या आणि मी त्यांच्या चालीने मागून गाडी हाकत घरी आले. भेट राहिली ती राहिलीच.

बुधवार, ५ मार्च

गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर विकून टाकायचं घाटत होतं, मी विकू दिली नाही. तेव्हा आता ही चालवून दाखवणं माझ्या अंगावर आहे. आणि मला ते जमेल, त्यात शंका नाही. दिवसभर दुकानात मी दुसरं काय करते? लोकांच्या पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडते, जुनी तार उपसते, नवी भरते. माझ्याकडून भरून गेलेला पंप सहसा परत येत नाही. तर ही चार चाकांची म्हातारी मला चकवेल?

गॅरेजवाल्याकडे नेली. बॉनेट उघडून त्याने नुसता उसासा सोडला. "ताई, वय झालं हिचं. आता ही असंच करणार."

वय झालं म्हणे. हे काय निदान झालं? कामाचा कंटाळा आला की लोक असं बोलतात. गाडी घेऊन सरळ घरी आले.

मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. अल्टरनेटर बरोबर चार्ज करतोय. बॅटरीची टोकं घासून लख्ख केली, प्लग साफ केले, पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. मग त्याच चढावर नेली. वर गेली, खाली आली, परत वर गेली. एकदाही अडखळली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आजही नाही. कालही नाही. बाजारात, दुकानात, गोदामापर्यंत — मस्त पळतेय. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर ताप उतरावा तसं. कायमचं बिघडलेलं परवडतं, हे लपाछपी खेळणारं नको.

नवरा म्हणाला, "झाली असेल बरी आपोआप." आपोआप काही बरं होत नाही हे मी त्याला लग्न झाल्यापासून सांगतेय.

शनिवार, ८ मार्च

आत्याबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी म्हटलं, उद्या निघू या का? गाडी चांगली चालतेय.

हात थांबले नाहीत त्यांचे. म्हणाल्या, "मला नका नेऊ, सूनबाई. माझाच पायगुण आहे."

मला हसूच आलं आधी. मग कळलं, त्या थट्टा करत नाहीयेत. गेल्या वर्षी बसने गेल्या तेव्हा टायर फुटला होता, तेही त्यांनी धरून ठेवलंय. तेव्हाही दिरानेच घरभर सांगितलं होतं — आत्या बसली आणि बस बसली. मी फोडणी दिली होती त्याला. आता टॅक्सी नको, बस नको, काहीच नको. "कुणाला रस्त्यात अडकवायला नको," एवढंच.

मी तडकले. म्हटलं, "तारेला पायगुण कळत नाही, आत्याबाई. तिला करंट कळतो." त्या उठून गेल्या घड्या ठेवायला.

खरं सांगायचं तर रागाचं कारण वेगळंच आहे. मी मागचं आठवून पाहिलं. दवाखान्यातून येताना बंद पडली — आत्याबाई आत. चष्म्याच्या दुकानापाशी पडली — आत्याबाई आत. मंगळवारी चढावर — आत्याबाई आत. त्या नसताना एकदाही नाही. हे घरात कुणाला बोलणार नाही. दिराला तर मुळीच नाही.

पण म्हणजे कारण त्या बसतात तिथेच कुठेतरी आहे. त्या नेहमी मागे डावीकडे, दाराशी बसतात. बास, धागा सापडला.

रविवार, ९ मार्च

मागची सीट उचलून पाहिली. खाली टाकीचं झाकण, पेट्रोलच्या पंपाच्या तारा, काट्याची तार. हलवून पाहिल्या, जागच्या जागी. सीट परत बसवली. तिची पुढची एक खाच मोडलीय, थोडी डुगडुगते. जुनी आहे, असायचीच.

मग वजन ठेवून पाहिलं. दुकानातली तांब्याच्या तारेची रिळं आणून आत्याबाईंच्या कोपऱ्यात रचली. चढ चढले. काही नाही. रिळं काढली, दिराला बसवलं. आडदांड माणूस, आत्याबाईंच्या दुप्पट भरेल. मागे रेलून, पाय पसरून, चढ संपेपर्यंत गाणं म्हणत बसला. गाडी हूं की चूं नाही!

"म्हणजे वजनाचा प्रश्न नाही वहिनी," तो म्हणाला. "माणसाचा आहे."

चावी त्याच्या अंगावर फेकायची बाकी ठेवली.

सोमवार, १० मार्च

डोकं चालत नाही. दुकानात दोन मोटारी भरल्या. त्या बिचाऱ्या सरळ.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं.

संध्याकाळी चहा घेत होतो. आत्याबाई समोर खुर्चीवर. आणि मी बघतच राहिले. त्या खुर्चीवर बसतच नाहीत. खुर्चीच्या कडेवर टेकतात. पाठ ताठ, पाय जमिनीवर घट्ट, कुणी हाक मारली की उठता यावं अशा. इतकी वर्षं या घरात आहेत, मी त्यांना कधी पाठ टेकून बसलेलं पाहिलेलंच नाही. सोफ्यावर नाही, पलंगावर नाही. हे त्यांचं घर नाही असं त्यांना कुणी सांगितलंय? कुणीच नाही. तसं कुणी नीट बसा म्हणूनही सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी डोक्यात दुसरी गोष्ट पेटली, चहा तसाच टाकून खाली पळाले.

इंजिन सुरू केलं. मागे डावीकडे जाऊन बसले. रेलून — काही नाही. मग आत्याबाईंसारखी पुढे सरकून कडेवर बसले. एक क्षण, दोन क्षण. घुर्रर्र — इंजिन अडखळलं. वाकून पाहिलं तर काटा शून्यावर. मागे सरकले, इंजिन सुरळीत. परत कडेवर — बंद!

सीट उचलली आणि टॉर्च घेऊन खाली शिरले. मोडक्या खाचेमुळे कडेवर बसलं की सीटची लोखंडी चौकट पुढून खाली दबते. खाली अर्थिंगची तार आहे, एका बोल्टने पत्र्याला कसलेली. पंप, काटा, मागचे दिवे, सगळ्यांचा करंट तिच्यातूनच परत जातो. बोल्ट ढिला, तारेचं टोक गंजून आतून तुटत आलेलं, चौकट तारेवर दबली की टोक पत्र्यापासून सुटतं. मग पंपाला करंट नाही, इंजिनला पेट्रोल नाही. आणि रिळं काय, दीर काय, सगळं वजन मागे रेललेलं! माणसाचा प्रश्न आहे म्हणे. बसण्याचा होता.

नवं टोक लावलं, पत्रा घासला, बोल्ट आवळला, खाच वेल्ड करून आणली. गॅरेजवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असंही असतं ताई कधीकधी." असतं कधीकधी! म्हातारी अजून मला पुरी ओळखत नाही, पण तो तरी ओळखेल आता.

गुरुवार, १३ मार्च

घोळ घातला. मीच.

आत्याबाईंना हात धरून गाडीपाशी नेलं. सीट उचलून दाखवली, तार दाखवली, बोल्ट दाखवला. सगळं नीट समजावलं, फुशारकी मारत. "तुम्ही कडेवर बसता ना, म्हणून बंद पडायची." वाटलं, आता सुटल्या.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच."

अहो नाही, तार! ढिली तार! "हो, पण माझ्या बसण्याने." मी परत तार सांगितली, त्यांनी परत मान हलवली. माझंच वाक्य होतं ते, आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ? तारेचा दोष शोधून मी तो त्यांच्याच पदरात बांधून आले. त्या घरात गेल्या. संध्याकाळी चहाला खुर्चीवर बसल्याच नाहीत, उभ्यानेच घेतला.

शनिवार, १५ मार्च

थोरलीचा फोन. आज "कधी येतेस" नाही. "मी थांबते गं तुझ्यासाठी, पण लवकर ये," असं म्हणाली. आत्याबाई फोन ठेवून खिडकीशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, निघू या, आत्ता, या क्षणी. नाही म्हणाल्या. "वाटेत बंद पडली तर तिलाही लागेल मनाला."

त्यांना तिथे न्यायचंच. ही गाडी दुरुस्त करून मी काय लोणचं घालू?

रविवार, १६ मार्च

गाडी मात्र सोन्यासारखी चालतेय. इतकी वर्षं मनाला येईल तसा नाचणारा काटासुद्धा आता खरं बोलतो, त्याचीही तीच तार. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की आता काट्यावर विश्वास ठेवा. दीर म्हणाला, "तो बाबांच्या वेळेपासून खोटारडा आहे, वहिनी." ऐकायचं नाही म्हणजे नाही.

मंगळवार, १८ मार्च

दीर सकाळी थोरलीची चाकांची खुर्ची पोचवायला गेला, एकटाच. दुपारी फोन. "वहिनी, तुमची दुरुस्ती कामातून गेली. गाडी बंद पडलीय." विचारलं, काटा कुठे आहे? "शून्यावर. पण तो तर नेहमीच —" आणि मग त्यालाच उमगलं. पेट्रोल संपलं होतं.

फोन स्पीकरवर होता. आत्याबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या मला कळल्याच नाहीत. म्हणाल्या, "त्याला विचार, गाडीत कोण कोण आहे."

"कुणी नाही आत्या, मी एकटाच."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं. आत्याबाई हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चल सूनबाई. बिचारा अडकलाय."

टॅक्सीने पेट्रोलचा डबा घेऊन गेलो, गाडीत ओतलं, दिराला पुढे बसवलं. आता थोरलीच्या घरी बसून लिहितेय. आतून दोघी बहिणींचा आवाज येतोय, थोरली आत्याबाईंना दिराची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लावतेय.

इथवर येताना आत्याबाई मागे डावीकडेच बसल्या होत्या. पूर्ण रस्ता झोपल्या, पाठ टेकून.