ताईच्या डाव्या डोळ्याचा हेवा

ताई,

धाकट्याचा नमस्कार, जळफळाटासकट.

बाबांचा मधुमेह आपल्या दोघांच्याच वाट्याला आला आणि दोघांच्याही डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. हा धडधडीत अन्याय आहे! पण त्यातही पक्षपात का? भावजी कळवतात, तू पेपर घडाघडा वाचतेस, म्हणून डोळ्यातली पुढची इंजेक्शनं बंद केलीस. मी मात्र अजून सुया घेतोय आणि सभेत भाषणाचा कागद धरला की कधीकधी मधलेच शब्द पुसट होतात. लहानपणापासून सगळं चांगलं तुलाच!

माझी काळजी नको. थेंबांनी डोळा बधिर करतात, सुई टोचत नाही, नुसतं दाबल्यासारखं वाटतं. नंतर एक काळा बुडबुडा नजरेत लोळत राहतो, भाषण चालू असताना मध्येच उठून फिरणाऱ्या श्रोत्यासारखा.

काल तपासणीला गेलो तेव्हा तुझ्याच ईर्षेने, कुणी काही सांगायच्या आत, मी अक्षरांचा तक्ता शेवटपर्यंत म्हणून दाखवला. टाळ्यांची वाट पाहत थांबलो, तर डॉक्टरीणबाई हसल्या.

"काका, हे सगळं तुमचा उजवा डोळा वाचतोय. तो झाका की!"

झाकला, आणि अर्धा तक्ता विरघळला.

तेव्हापासून धास्ती बसली आहे. तू पेपर कुठल्या डोळ्याने वाचतेस? भावजींना विचारण्यात अर्थ नाही, ते तुझीच री ओढणार.

मला तुझा हेवा करत म्हातारं व्हायचंय, ताई, आणि त्यासाठी तुझा डोळा शाबूत हवा. अक्षरं सरळ दिसली तर मी खुशाल जळेन. वाकडी किंवा पुसट दिसली तर उद्याच सुई घ्यायला जायचं. चल, उजवा डोळा तळहाताने झाक आणि हीच ओळ वाच.

तुझाच,
जळकुकडा