मोहनाचा अकरावा लॅप

४ जानेवारी २०२५

लेकीच्या, मोहनाच्या कपाटात वरच्या फळीवर हेल्मेटची पिशवी. पिशवीत एक काळी डबी सापडली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. मंदा म्हणाली, "ठेवा परत. तिला आवडणार नाही." मी ठेवली नाही.

नीलला फोन केला. मोहना रेसिंग करायची तेव्हा तिची गाडी तोच तयार करायचा. वर्णन ऐकून ओरडलाच— "काका, ए तो लॉगर छे! कोइमतूरच्या शेवटच्या रेसचा सगळा डेटा असणार त्यात!"

गाडी कुठे होती, ब्रेक किती दाबला, ॲक्सिलरेटर किती, स्टिअरिंग किती अंश फिरवलं— सेकंदाला वीस वेळा नोंद. चौतीस वर्षं मी प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये काढली. नोंदी वाचणं हाच धंदा. आणि माझ्याच घरात ही नोंद पडून होती!

६ जानेवारी

सोमवार, बुधवार, शुक्रवार मंदा मोहनाला फिजिओकडे घेऊन जाते, दहा ते बारा. त्या वेळात नील शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अकोट्याहून आला. लॅपटॉपवर डबी उघडली.

रेघाच रेघा. नील समजावायला लागला, मी म्हटलं, थांब, हे मला येतं.

अकरा लॅप. दोन किलोमीटरचा ट्रॅक, एकेक लॅप सव्वा मिनिटाचा. अकराही लॅपच्या ब्रेकच्या रेघा एकावर एक ठेवल्या. पहिल्या वळणाला ती प्रत्येक वेळी त्याच जागी ब्रेक लावते— दोन मीटरसुद्धा फरक नाही! दीडशेच्या वेगात! प्लांटमध्ये इतकी स्वच्छ रेघ मिळाली असती तर आम्ही पेढे वाटले असते.

मी तिला एकदाही ट्रॅकवर पाहिलं नाही. पाच वर्षं बोलवत होती. मी जायचो नाही. तिला बेफाम म्हणायचो.

१० जानेवारी

नील म्हणाला, हा डेटा गेममध्ये घालता येईल. गाड्यांचा गेम आहे, त्यात कोइमतूरचा ट्रॅक कोणीतरी हुबेहूब बनवलाय. त्याच्याकडे टेबलाला बसवायचं स्टिअरिंग आहे, आत मोटर. मोहनाचे अंश त्या मोटरला दिले तर स्टिअरिंग तिच्यासारखं फिरेल. आपोआप.

मी विचारलं, "म्हणजे तिला पुन्हा दिसेल? जाणवेल?"

"हो ने काका. एकदम."

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर. मोहना खिडकी लावून खोलीत. मी उंधियो आणला, तसाच राहिला.

१७ जानेवारी

आज सातवा लॅप पाहत होतो. सरळ रस्त्यावर एकदम ॲक्सिलरेटर सोडलेला. मला वाटलं सेन्सर बिघडला. नील म्हणाला, "नाही काका, पुढे एकाची गाडी फिरली होती. झेंडा दाखवायच्या आधीच मोहनाने पाय काढला. सगळ्यात आधी."

मी उठून गच्चीत गेलो.

इथे लिहूनच टाकतो. १९ नोव्हेंबर २०२३. मांडवीच्या बाजारातून खरेदी करून आम्ही दोघं स्कूटरवरून हरणीला घरी परत येत होतो. मी चालवत होतो. ती मागे. मी तिला सांगत होतो, रेसिंग सोड. ऐकू जात नसेल म्हणून मान मागे वळवून सांगत होतो— "एक दिवस हातपाय मोडून घरी बसशील!" वाक्य पुरं झालं आणि डिव्हायडर आला. वेग पस्तीस असेल. मला गुडघ्याला खरचटलं. ती उजव्या खांद्यावर पडली. हाताच्या नसा मानेतून, मुळापासून तुटल्या. ऑपरेशन झालं. हात आहे. लोंबतो. हलत नाही, कळत नाही— फक्त दुखतो.

तिने मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

नीलने आणलेलं स्टिअरिंग माझ्या टेबलाला बसवून आज पहिल्यांदा गेममध्ये गाडी सोडली. अकरावा लॅप निवडला, तिचा सगळ्यात वेगवान. पहिलं वळण बरोबर, दुसरं बरोबर. तिसऱ्याला गाडी सरळ मातीत!

नील म्हणाला, "काका, हात तिचेच आहेत. पण गेमचे टायर वेगळे, वजन वेगळं. थोडाथोडा फरक साठत जातो."

शिवाय मला एक चूक सापडली. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग चार अंश दाखवतंय. म्हणजे सेन्सरचा झीरो सरकलेला. सगळ्या नोंदींतून चार वजा केले. नील म्हणाला, "बोस, काका!" म्हणजे उस्ताद. पुष्कळ दिवसांनी मला कोणी शाबासकी दिली.

३ फेब्रुवारी

गाडीचं वजन जुळवायला ड्रायव्हरचं वजन पाहिजे. मंदाला विचारलं, मोहना तेव्हा किती होती? "बावन्न. आता चव्वेचाळीस," म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

१२ फेब्रुवारी

नवव्या वळणापर्यंत गेली!

१६ फेब्रुवारी

मंदाने आज धरलंच. "तिला विचारलंत का?"

म्हटलं, तिला चकित करायचंय.

"चकित! अहो, ती झोपेत गाडी चालवते. डावा हात फिरत असतो पांघरुणावर. मी बघते रोज. तिला आठवण करून द्यायला तुमचा गेम कशाला हवाय?"

मला हे माहीत नव्हतं.

तरी थांबलो नाही. का थांबलो नाही?

२४ फेब्रुवारी

पूर्ण झाला! अकरावा लॅप, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खऱ्या वेळेत आणि गेमच्या वेळेत फरक तीन दशांश सेकंदाचा. स्टिअरिंग टेबलावर एकटंच फिरत होतं— हलकेच डावीकडे, थांबून, मग झपकन उजवीकडे. मध्येच एक बारीकसा झटका, गाडी सावरल्याचा. मोहनाच्या लहानपणापासूनच्या सगळ्या हालचाली मला पाठ आहेत, असं वाटायचं. ही माहीत नव्हती. कशी असणार? पाहायला गेलोच नाही.

नील तोंड फिरवून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

३ मार्च

फिजिओ आज आला नव्हता. साडेदहालाच दोघी परत. आम्हाला दार वाजल्याचं कळलंच नाही. स्टिअरिंग फिरत होतं.

मोहना दारात उभी. पडद्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे. नील उठायला लागला, ती म्हणाली, "राहू दे."

मग म्हणाली, "माझा शेवटचा लॅप आहे हा."

एका नजरेत ओळखला!

खुर्चीवर बसली. नीलला म्हणाली, "पहिल्यापासून लाव." डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. मग— मी हे कसं लिहू— डाव्या हाताने उजवा हात गळ्यातल्या झोळीतून काढला, मनगटाला धरून उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला. बोटं एकेक करून मिटवली. नीलने सुरू केलं.

स्टिअरिंग फिरलं. दोन्ही हात फिरले. डावा तर तिचाच. पण उजवासुद्धा जात होता! वळणाला वर चढला, खाली आला, पुन्हा वर. सव्वा वर्षात तो हात मी इतका हललेला पाहिला नव्हता. मंदाने तोंडावर पदर धरला. माझं वेड्याचं मन म्हणालं— आला, आला, हात आला!

मोहना त्या हाताकडे पाहत होती. पडद्याकडे नाही.

सातव्या वळणाच्या झटक्याला बोटं सुटली. हात मांडीवर पडला. थप्प असा आवाज झाला.

"काही कळलं नाही, बाबा," ती म्हणाली. "डाव्याला सगळं कळलं. याला काहीच नाही."

मग, "बंद करा."

४ मार्च

खोलीचं दार बंद. जेवली नाही.

९ मार्च

मंदा म्हणाली, "तुम्ही हे तिच्यासाठी केलं नाहीत."

खरं आहे. मला तो १९ नोव्हेंबर पुसायचा होता. तिचा हात हलताना मला पाहायचा होता. तिच्या आधी मलाच. तिचं दुःख तिने सव्वा वर्ष नीट घडी घालून ठेवलं होतं, मी ते उचकटलं.

नीलला म्हटलं, स्टिअरिंग घेऊन जा. म्हणाला, "मोहनाने मेसेज केलाय काका, नेऊ नकोस म्हणून."

१२ मार्च

मोहना आपणहून आली, माझ्याशेजारी बसली. "सातव्या वळणाला मी ब्रेक इतका लवकर सोडत नव्हते. तपासा."

तपासलं. बरोबर होती! तिथे मी दोन नोंदी वगळल्या होत्या, गोंगाट समजून. परत घातल्या. तीन दशांशाचा फरक एका दशांशावर आला.

मग तासभर एकेक वळण समजावत होती. कुठे वाऱ्याने गाडी हलते, कुठे डांबराला उंचवटा आहे. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. ती बोलवत होती तेव्हाच विचारायला हवं होतं. एकदा हसलीसुद्धा.

उठताना मी म्हटलं, "मोहना, त्या दिवशी मी मागे वळलो नसतो तर—"

"बाबा, मला माहीत आहे," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही. नाही केलं असंही नाही.

२२ मार्च

हात कापून काढायचा. मोहनाने ठरवलंय. डॉक्टरांनी हा मार्ग मागेच सांगितला होता, आम्ही नवराबायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी आज दवाखान्यात म्हटलं, "अगं, अजून थोडी वाट पाहू." ती म्हणाली, "माझा हात त्या लॅपमध्ये आहे, बाबा. तुम्ही तो नीट ठेवलात. आता हा ओढत फिरायचा नाही मला."

संमतिपत्रावर डाव्या हाताने सही केली. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा होती. तिने पेन माझ्याकडे दिलं.