माफीचा हुकूम

तारनाका, हैदराबाद
४ फेब्रुवारी २०२४

ती. अलकाअक्कास,
नरहरचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. वरची खोली मारिसोल नावाच्या मुलीला भाड्यानं दिली. फिलिपाइन्सची आहे, इथं विद्यापीठात संशोधन करते. तिचा विषय त्यांच्या क्रांतिसेनेतला जनरल सेवेरिनो. स्पेनशी लढला म्हणून काही लोक त्याला पुजतात; लुकास या आपल्याच कोवळ्या वयाच्या सोबत्याला गोळी घालायला लावली म्हणून काही त्याचं नावही घेत नाहीत. गोळी घालणारा शिपाई मारिसोलचा खापरपणजोबा. त्याची वही तिच्याजवळ आहे.

आता हसू नकोस. दुपारी ती विद्यापीठात असते, खोलीला कुलूप असतं आणि आतून पुरुषाचा आवाज येतो. भाषा परकी, पण कचेरीत हुकूम वाचून दाखवावा, तसा सावकाश. एका जागी अडतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू. जवळच्या किल्लीनं उघडून पाहिलं. टेबल, पंखा, वही. बस्स.

मी परेशान आहे. लवकर लिही.

तुझा धाकटा,
नरहर


नांदेड
११ फेब्रुवारी २०२४

चि. नरहर यास अलकाचे अनेक आशीर्वाद.

शेजाऱ्यांचा टीव्ही असेल रे. रिटायर झाल्यापासून तुला भिंतीसुद्धा बोलताना ऐकू येतात! माझं कानाचं मशीन तुझ्या हैदराबादेत, आबिड्सच्या दुकानात दुरुस्तीला टाकायचंय, तेव्हा येतेच. तोवर त्या पोरीला काही सांगून घाबरवू नकोस. वेळेवर जेव.

तुझी काळजी वाहणारी,
अक्का


नांदेड
३ मार्च २०२४

चि. नरहर यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तिथं असताना तुला एक सांगितलं नाही. मशीन दुकानात होतं त्या दुपारी तू समोर बसून शेंगा सोलत बोलत होतास. तुझे ओठ हलताना दिसत होते, शब्द एक नाही. वरचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता. कानापाशी तोंड आणून कुणी वाचावं तसा. हातातली शेंग हातातच राहिली.

कानावर पडलेले चार शब्द कागदावर उतरवले. मशीन मिळाल्यावर ते मारिसोलला वाचून दाखवले. तिनं वही काढून ताडून पाहिलं. म्हणाली, हे वहीतलेच शब्द आहेत. जनरलनं लुकासला माफ केलं होतं. तो हुकूम घेऊन हिचा खापरपणजोबा डोंगरावर गेला, कैद्यासमोर वाचायला लागला, मध्येच थांबला आणि गोळी झाडली. घरी येऊन सांगितलं, जनरलनं माफी मागं घेतली. पिढ्यान्‌पिढ्या जनरल बदनाम झाला. हिनंही प्रबंधातून ते पान गाळलंय. आई म्हणते, छापलंस तर आम्हाला गावात तोंड दाखवता येणार नाही.

मी काय सल्ला देणार? एवढंच म्हटलं, की मरेपर्यंत तो हुकूम अर्धाच ऐकत राहणं तुला जमेल का, ते बघ.

जपून राहा. माझा जीव तुझ्यात अडकलाय.

अक्का


तारनाका, हैदराबाद
२२ मार्च २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी मारिसोलनं मला वर बोलावलं. आवाज सुरू होता. आम्ही आत जाताच थांबला. तिनं वही उघडली आणि हुकूम मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या ओळीचा अर्थ तिनं सांगितला, की याला आजच घरी जाऊ द्यावं.

वाचून झालं. मग खिडकीपाशी दुसराच आवाज उमटला, कोवळ्या वयाचा. एकच शब्द. 'बाकीत.' मी अर्थ विचारला. ती वही मिटत म्हणाली, त्याचा अर्थ, 'का?'

ते पान तिनं सोमवारी गाईडकडे दिलं. तिची आई फोन उचलत नाही. हुकूम वाचणारा आवाज बंद झालाय. दुसरा रोज येतो, तेवढाच एक शब्द. खापरपणजोबानं गोळी का झाडली, ते वहीत कुठंच नाही. मारिसोल आता दुपारी घरीच थांबते. तो शब्द आला की खिडकीकडे तोंड करून हळूच सांगते, की मला ठाऊक नाही.

माया आहे तशीच असू दे.

नरहर